शेततळ्यांचा ताळेबंद : जालना जिल्ह्यातील एका गावाच्या प्रकल्प नोंदी, जून २०२३ ते जून २०२४

१२ जून २०२३

कामाची चौकट आज नक्की झाली. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना फेब्रुवारी २०१६ मध्ये आली तेव्हा अनुदान ५० हजारांपर्यंत होते. २०२२ पासून मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला ७५ हजारांपर्यंत मिळतात. या सगळ्या खोदाईने एका गावाच्या पाण्याचे नेमके काय झाले ते पाहायचे, आणि गावाला पाण्याचा हिशेब मांडता यावा असे शिक्षण द्यायचे, अशी आमच्याकडे दोन कामे आहेत.

मूळ प्रस्तावात ही कामे दोन वेगळ्या रकान्यांत होती. पहिले तीन महिने 'जनजागृती', शेवटचे तीन महिने 'मूल्यमापन', आणि मधले सहा महिने कशाचे ते कोणालाच सांगता येत नव्हते. मी दोन्ही एकत्र करून घेतले. जनजागृती म्हटली की प्रभातफेरी निघते, भिंती रंगतात. या गावात शाळेच्या भिंतीवर, समाजमंदिरावर आणि पाण्याच्या टाकीवर मिळून 'पाणी अडवा, पाणी जिरवा' तीनदा लिहिलेले आहे. ते वाचून कोणी मोटर बंद केल्याचे ऐकिवात नाही. मोजणी गावकऱ्यांनीच केली तर शिकणे त्यातच होईल, असा माझा हिशेब आहे.

सरपंचांनी एक अट घातली : अहवालात गावाचे नाव नको. "उद्या योजना बंद झाली तर पंचक्रोशी म्हणंल, ह्यांच्यामुळं झाली." मान्य केली.

२० जून

पावसाचा पत्ता नाही. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळाने मान्सून लांबवला. पेरण्या खोळंबल्यामुळे माणसे घरी भेटतात, तेवढा फायदा. दोन दिवस शिवारफेरी केली.

३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना १:१ चा उतार. अशा तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी बसते. यादीतली बहुतेक तळी याच मापाची किंवा थोडी लहान. कागदावरची कल्पना चांगली आहे. पावसाळ्यात शेतावरून वाहून जाणारे पाणी तळ्यात घ्यायचे आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एक-दोन संरक्षित पाळ्या द्यायच्या. त्यासाठी पाणी आत यायला वाट हवी, वाटेवर गाळ थांबवायला खड्डा हवा आणि जास्तीचे पाणी सांडायला जागा हवी. म्हणूनच शासनाच्या मापांत 'इनलेट-आउटलेटसह' आणि 'विरहित' असे दोन प्रकार आहेत.

शिवारात जे दिसले ते असे : चारही बाजूंना कमरेएवढा बांध, आत ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिकचा कागद, भोवती जाळी आणि एका कोपऱ्यात आत सोडलेला तीन इंची पाइप. बांधाबाहेरचा थेंब आत येऊ शकत नाही. पाइपचे दुसरे टोक विहिरीत किंवा बोअरमध्ये. ओढ्याच्या पाण्यावर भरणारी तळी बोटांवर मोजण्याइतकीच, आणि तीही ओढ्याकाठच्या शेतांत.

यात शेतकऱ्याला दोष द्यायचा तर आधी २०१२-१३ आठवावे लागेल. त्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पंधरा-पंधरा वर्षांची झाडे तोडून लोकांनी सरपणाला विकली. ज्यांच्याकडे उन्हाळ्यापुरते पाणी साठवलेले होते त्यांच्या बागा वाचल्या. त्यात द्राक्षे आणि शेततळी यांसाठी नावाजलेले कडवंची इथून लांब नाही, सगळे पाहून आलेले आहेत. एका बागायतदाराने सरळच सांगितले, "ताई, विहिरीतलं पाणी माझं एकट्याचं ऱ्हात नाही. बाजूचा बोअर घेतो की गेलं. तळ्यात आणलं की माझं." सगळ्या योजनेचा गाभा त्याने एका दमात सांगून टाकला. अनुदान दिले साठवणीसाठी, पण गावाने ते वापरले सामाईक पाण्यावर मालकी लावण्यासाठी.

८ जुलै

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला. पेरण्या झाल्या. शाळेत आठवीच्या वर्गाबरोबर काम सुरू.

सामान साधेच आहे : एक पर्जन्यमापक, शंभर फुटी टेप, टेपच्या टोकाला बांधायला लोखंडी वजन, एक बॅटरी, लाल ऑइलपेंट. निवडलेल्या प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल खूण केली, मोजायचे ते तिथूनच. खूण नसली की एक पोरगा कठड्याच्या वरून मोजतो, दुसरा मोडलेल्या बाजूने, आणि फुटाचा फरक पडतो. वर चढावर, मधल्या पट्ट्यात आणि खाली ओढ्याकडे अशा विहिरी घेतल्या. तळ्यांजवळच्या आणि तळ्यांपासून लांबच्या दोन्ही आहेत.

मोजणी कधी करायची हा खरा प्रश्न होता. मोटर चालू असताना मोजलेली पातळी काही कामाची नाही, उपसा थांबल्यावर पाणी परत चढायला वेळ लागतो. तीन फेजची लाईट आठवड्याने दिवसा-रात्री अशी फिरते. दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे, लाईट यायच्या आत मोजायचे असे ठरले. मुलींच्या आयांची परवानगी काढायला मुख्याध्यापक स्वतः घरोघर गेले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आम्ही पंधरा दिवसांनी मोजणार, कारण तळी भरण्याचा काळ या चार महिन्यांच्या मध्येच येतो.

एका मुलाने विचारले, "मोजून पाणी वाढतं का सर?" सर हसले. मी तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगितला.

२९ जुलै

विहिरींना पाणी चढू लागले आणि लगोलग तळी भरायला मोटरी लागल्या. पाऊस पडतोय, पीक हिरवे आहे, कोणालाच पाणी द्यायची गरज नाही, आणि उपसा मात्र चालू. बाहेरच्या माणसाला हे दृश्य विचित्र वाटते. इथे त्यामागे सरळ गणित आहे : आज आपण नाही भरले तर शेजारी भरणार.

इथला खडक दख्खनचा बसाल्ट. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि फुटलेला मांजऱ्या खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहते ते मुख्यतः वरच्या कुजलेल्या, फटींच्या थरात. विहिरी त्याच थरात खोदलेल्या असल्याने एकीतून उपसले की दुसरीत फरक पडतो. मुलांना हे सांगायला गेले तर माना डोलावतात. दोन विहिरींच्या पातळ्या एकाच पहाटे मोजल्या आणि वरच्या विहिरीची मोटर रात्रभर चाललेली होती हे त्यांना माहीत होते, तेव्हा मात्र फळ्यापाशी भांडण लागले.

३१ ऑगस्ट

ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पावसाच्या वहीत ओळीने शून्ये. एका मुलीने विचारले, पाऊस नाही त्या दिवशी शून्य लिहायचे की जागा मोकळी सोडायची? शून्य लिहायचे. मोकळी जागा म्हणजे त्या दिवशी कोणी पाहिलेच नाही.

या शून्यांना अचानक भाव आला. यंदापासून १ रुपयात पीकविमा आहे, आणि पावसाचा सलग २१ दिवस खंड पडला की २५ टक्के अग्रिम भरपाईचा मुद्दा निघतो. खंड मोजला जातो महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर, आणि ते केंद्र इथून काही किलोमीटरवर. मधे तिकडे एक सर पडली, इकडे ढगसुद्धा नव्हता. गावातले बापे शाळेत येऊन मुलांच्या वहीचे फोटो काढून घेऊन गेले. वहीला सरकारी मान्यता नाही, हे सांगूनही. एरवी शाळेच्या पायरीवर न चढणारी माणसे पर्जन्यमापक उघड्या जागी आहे का, झाडाखाली तर नाही ना, ते तपासत होती. धोरणातला कुठला आकडा कुठून येतो आणि त्यावर आपले किती अवलंबून असते, हे वर्षभराच्या व्याख्यानांनी कळले नसते.

११ सप्टेंबर

अंतरवाली सराटीत १ सप्टेंबरला मराठा आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर गावात दुसरा विषय नाही. ठरलेली बैठक पुढे ढकलली. विहिरींची मोजणी तेवढी चालू आहे.

१८ ऑक्टोबर

पावसाळा संपला. पाण्याच्या ताळेबंदाची पहिली बैठक मारुतीच्या पारावर, संध्याकाळी सातला. हिवरे बाजार वर्षानुवर्षे असा ताळेबंद मांडते, त्याप्रमाणे पिके ठरवते, आणि तिथे शेतीसाठी बोअरला बंदी आहे, हे सगळ्यांना पाठ होते. "तिथं पोपटराव हायेत" (म्हणजे तिथले पोपटराव पवार) हे वाक्य कोणीतरी म्हणणार होतेच. ते झाल्यावर हिशेब सुरू केला.

सोपे जावे म्हणून गोल आकडे घेतले. शिवार १,००० हेक्टर. पाऊस ६०० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर, म्हणजे एकूण ६० लाख घनमीटर. बसाल्टमध्ये त्यातले जमिनीत किती मुरते? वरचा थर कसा आहे यावर ७ ते १३ टक्के धरतात. आपण १० धरू. झाले ६ लाख घनमीटर. पिण्याचे पाणी, जनावरे, खरिपाला लागली तर पाळी, रब्बी, बागा, सगळे यातूनच. आता शेततळी शंभर धरा. ती एकदा विहिरीतून भरायची तर २ लाख १९ हजार ६०० घनमीटर लागतात. सहातले दोनपेक्षा जास्त. पाऊस ४०० मिलिमीटरच झाला तर चारातले दोनपेक्षा जास्त, म्हणजे अर्ध्याहून अधिक.

कोणीतरी म्हणाले, बसाल्टात फार पाणी असते, असे आकड्यांनी काही होत नाही. मग दुसऱ्या बाजूने मांडले. या खडकाच्या पोटातून निथळून मिळणारे पाणी साधारण २ टक्के धरतात. १,००० हेक्टरवर पातळी एक मीटर उतरली म्हणजे २ लाख घनमीटर पाणी निघाले. म्हणजे शंभर तळी एकदा भरली की अख्ख्या शिवाराची पातळी साडेतीन फूट खाली.

"साडेतीन फुटानं काय होतंय?" हा प्रश्न वरच्या अंगाच्या, खोल विहिरीच्या मालकाचा. उत्तर द्यायला मला तोंड उघडावे लागले नाही. खालच्या अंगाला जिची विहीर आहे ती बाई एरवी बैठकीत बोलत नाही. ती म्हणाली, "तुमच्या विहिरीत साडेतीन फूट. माझ्या विहिरीत जानेवारीला उरतंच तेवढं, आण्णा."

४ नोव्हेंबर

३१ ऑक्टोबरला राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. जालना जिल्ह्यातले पाच : जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा. सवलती नेहमीच्या : जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी, गरज पडेल तिथे टँकर.

मूल्यमापनाच्या वहीत वीजबिलाची ओळ वेगळी काढून ठेवली. दुष्काळात शेतकऱ्याच्या डोक्यावरचे बिल हलके झालेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी सगळ्यात कमी असलेल्या वर्षी उपसा सगळ्यात स्वस्त होतो, हेही त्याच निर्णयाचे पोर आहे. शेततळ्याचे अनुदान कृषी विभागाचे, वीज महावितरणची, टँकर महसूलचा, भूजलाचा कायदा पाणीपुरवठा विभागाकडे. प्रत्येकाचा अहवाल आपापल्या जागी बरोबर असतो.

भूजल कायद्याचेही एक : २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे आणि त्यात शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. हे सांगितले तर पारावर हशा पिकला. इथे बोअरची गाडी चारशेच्या आत थांबत नाही.

२६ नोव्हेंबर

जायकवाडीसाठी नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सुटले. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचे असा नियम. यंदा ८.६ टीएमसीचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला, आणि बरीच रस्सीखेच होऊन पाणी आता सुटले. गावात समाधान. आमच्या हक्काचे पाणी, वरच्यांनी अडवून ठेवले होते, समन्यायी वाटप म्हणजे समन्यायी वाटप.

मी फक्त विचारले की हाच नियम गावात लावायचा का. वरच्या अंगाच्या तळ्यांनी खालच्या अंगासाठी काही टक्के सोडायचे? पहिले मिनिटभर कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाला, "ती धरणं सरकारची हायेत. तळं माझ्या सातबाऱ्यावर हाय." दुसऱ्याने लगेच टोला दिला, "तळं तुझ्या सातबाऱ्यावर हाय, पाणी नाही." तासभर वाद. गेल्या सहा महिन्यांतली सगळ्यात चांगली बैठक हीच, आणि त्यात माझे एकच वाक्य होते.

२९ नोव्हेंबर

दोन दिवस अवकाळी. वाऱ्याने कापूस भिजून लोंबला, काही भागात गारा. मोसंबीची फळगळ. विहिरींना थोडा आधार मिळाला, म्हणून तळी भरायच्या मोटरी पुन्हा सुरू. डिसेंबरच्या मोजणीत हा पाऊस वेगळा नोंदवायचा, नाहीतर पातळी का वाढली ते पुढे कोणाला कळणार नाही.

१० जानेवारी २०२४

तळी कोणाकडे आहेत याची यादी पूर्ण झाली. योजनेला किमान ०.६० हेक्टर जमीन लागते, म्हणजे कागदावर दीड एकरवालाही पात्र. प्रत्यक्षात अनुदान खोदाईपुरतेच पुरते. कागद, जाळी, पाइपलाइन, मोटर यांचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. शिवाय तळ्याखाली पाव एकरापेक्षा जास्त जमीन कायमची जाते. दीड एकरातून ती कोण देणार? त्यामुळे तळी गेली ती मुख्यतः ज्यांच्याकडे आधीपासून बाग, विहीर आणि घरात एखादा पगार आहे त्यांच्याकडे. योजनेत कोणाला अडवलेले नव्हते. तिची रचनाच अशी होती.

खालच्या अंगाच्या त्या बाईच्या विहिरीवर आज स्वतः मुलांबरोबर गेले. लाल खुणेपासून पाणी ३१ फुटांवर, विहीर ३५ फुटांची. टेप खाली सोडताना वजन आधी खडकावर आपटले, मग बाजूच्या डबक्यात गेले. बॅटरीच्या उजेडात तळाचा दगड दिसत होता. हरभऱ्याला एक पाळी दिली, दुसरीचे नाव नाही. वर बांधावर उभे राहिले की दोन तळी भरलेली दिसतात, वाऱ्याने लाटा उठतात. "पाणी गेलं नाही ताई, वर जाऊन बसलंय," असे म्हणत ती मोटर झाकायला लागली.

२१ फेब्रुवारी

बाष्पीभवन. हा भाग मी शाळेत शिकवायला घेतला आणि तळेवाल्यांनीच तो उचलून धरला, हे अनपेक्षित.

शाळेच्या गच्चीवर पसरट घमेले भरून ठेवले, पट्टीने रोज सकाळी मोजायचे. घमेले तापते, त्यामुळे त्यात तळ्यापेक्षा जास्त उडते, हेही मुलांना सांगितले. खरी मोजणी तळ्यात केली. एका बागायतदाराने आपल्या तळ्यात बांबूला खुणा करून रोवू दिले. लग्नसराईत तो आठवडाभर पाणी काढणार नव्हता आणि तळ्यात काही येणारही नव्हते. कागद फाटलेला नसेल तर पातळी उतरेल ती फक्त उन्हा-वाऱ्याने. रोज सकाळी तो स्वतः जाऊन वाचायचा आणि आकडा सरांना फोनवर सांगायचा. तिसऱ्या दिवशी त्याने फोनवर विचारले, "एवढं उडतंय? का कागद फुटला?" कागद शाबूत होता.

हिशेब असा : भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. एक मिलिमीटर उतरले म्हणजे ९०० लिटर. हिवाळ्यानंतर दिवसाला ६ मिलिमीटर धरले तरी रोज ५,४०० लिटर हवेत. विहिरीतले पाणी सावलीत, खडकाच्या पोटात असते, तिथे हा घाटा जवळपास नाही. म्हणजे जमिनीखालचे सुरक्षित पाणी वीज जाळून वर आणायचे आणि उन्हात ठेवायचे. यावर त्याचे म्हणणे असे : "ते खरंय. पण विहिरीत ठेवलं तर उडायच्या आधी दुसरा नेतो." म्हणजे बाष्पीभवनाचा तोटा हा त्याच्यासाठी विम्याचा हप्ता आहे. ही बाजू अहवालात त्याच्याच शब्दांत जायला हवी. 'शेतकऱ्यांत जागृतीचा अभाव' असे लिहिणारा माणूस इथे आलाच नाही असे समजावे.

१८ मार्च

परवा आचारसंहिता लागली. ग्रामपंचायतीचा लेटरहेड आता निवडणुकीनंतर. गावची नळयोजना तीन दिवसांआड. टँकरचा प्रस्ताव तहसीलला गेला आहे.

२२ एप्रिल

टँकर सुरू झाला. टंचाईत माणशी दिवसाला २० लिटरचा निकष. २,००० वस्ती धरली तर ४०,००० लिटर.

सातवी-आठवीच्या मुलांना परीक्षा संपल्यावर हा शेवटचा हिशेब दिला. तळे निम्म्या खोलीवर आले की त्याची बाजू २७ मीटर, पृष्ठभाग ७२९ चौरस मीटर. भर उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर धरले तर एका तळ्यावरून रोज ७,२९० लिटर उडतात. साडेपाच तळ्यांवरून उडते तेवढे पाणी अख्ख्या गावाला टँकरने येते. हे गणित एका मुलीने घरी जाऊन सांगितले. तिच्या वडिलांचेच तळे आहे. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. आम्हाला वाटले, भांडायला. ते गणित तपासायला आले होते. दशांश चिन्ह एक घर चुकले असेल अशी त्यांना आशा होती.

टँकर येतो कुठून? शेजारच्या गावच्या अधिग्रहित विहिरीवरून. त्या विहिरीपलीकडे लगेच दोन तळी आहेत.

१३ मे

मतदान. गावात सुट्टी, विहिरी मोजल्या. खालच्या अंगाच्या बहुतेक कोरड्या. तिथे टेप घेऊन जायची गरज उरली नाही, पण मुले जातात आणि वहीत 'कोरडी' असे लिहितात.

२९ मे

निष्कर्षांचे जाहीर वाचन. कागदावरचा मसुदा आधी गावासमोर, मग वर.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे पावसाचा वाटा वेगळा काढणे. चांगल्या पावसाच्या वर्षी कुठलीही योजना यशस्वी दिसते आणि कोरड्या वर्षी कुठलीही फसलेली. जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण योजनेच्या वेळी हेच झाले. पाऊस चांगला झाला की पातळी वाढल्याच्या बातम्या, पाऊस गेला की टँकर. नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक खर्च झाल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये कॅगचा अहवाल आला, त्यात भूजल पातळी वाढवण्याच्या उद्देशावर फारसा परिणाम दिसला नाही असा शेरा होता. आता जानेवारी २०२३ पासून दुसरा टप्पा सुरू आहे. म्हणून आम्ही 'आधी आणि नंतर' अशी तुलना केलीच नाही. एकाच वर्षात, एकाच पावसात, तळ्यांजवळच्या आणि लांबच्या विहिरी किती वेगाने उतरल्या तेवढे पाहिले. शेजारच्या कमी तळ्यांच्या शिवारातल्या काही विहिरीही त्याच पहाटे मोजल्या. फरक स्पष्ट आहे आणि तो नोव्हेंबर ते जानेवारी या काळात, म्हणजे तळी भरून घेण्याच्या दिवसांत सगळ्यात मोठा आहे. एका वर्षाच्या मोजणीवर याहून मोठे विधान करता येत नाही, आणि मसुद्यात केलेले नाही.

फायदाही लिहिला आहे. यंदाच्या उन्हाळ्यात तळेवाल्यांच्या बागा जगल्या. मोसंबीच्या आंबे बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलांची) फळे झाडावर आहेत. तळी नसती तर २०१२-१३ ची आठवण पुन्हा काढावी लागली असती. पण तळ्याच्या भरवशावर मोसंबीखालचे क्षेत्रही वाढले, म्हणजे पुढच्या दुष्काळात जगवायच्या बागा आणखी जास्त.

शिफारस एकच, पण ठाम : अनुदानाचा दर तळ्याच्या आकारमानावर न ठेवता ते कशाने भरते यावर ठेवावा. ओढ्याच्या, शेताच्या वाहत्या पाण्यावर भरणाऱ्या, गाळखड्डा असलेल्या तळ्याला पूर्ण अनुदान. विहिरीवरून भरणाऱ्याला अनुदान नाही. त्याला बंदीही नको, पण सगळ्यांच्या पैशाने सगळ्यांचे पाणी एकाच्या बांधात जायला नको.

ओढ्याला आता वाहते पाणी राहते कुठे, वर बंधारेच बंधारे आहेत, असा आक्षेप आला. रास्त आहे. मसुद्यात घातला.

१५ जून

मृगाचा पाऊस वेळेवर, पेरण्या सुरू. आचारसंहिता उठली, काल रात्री बैठक झाली. तीन प्रस्ताव होते.

पहिला, १५ जानेवारीनंतर विहिरीतून तळे भरायचे नाही. तळेवाल्यांनी ३१ जानेवारी मागितली. खालच्या अंगाच्या लोकांनी ३१ डिसेंबर. १५ जानेवारीवर मंजूर.

दुसरा, नव्या तळ्याच्या अर्जासोबत पाणी कुठून येणार ते लिहून ग्रामपंचायतीचा ठराव जोडायचा. मंजूर, पण अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन जातात आणि त्यात असा कागद कोणी मागत नाही. ठराव कुठे जोडणार, हे तलाठ्यालाही सांगता आले नाही.

तिसरा, दोनशे फुटांखाली बोअर नाही. जे कायद्यातच आहे तेच गावाने पुन्हा म्हणायचे होते. हा पडला. ज्या बाईच्या विहिरीचा जानेवारीतच तळ दिसतो, तिनेही विरोधात हात वर केला. तिच्या पोराने यंदा बोअर घ्यायचे ठरवले आहे, चारशे फूट. आता तिला काय सांगणार?

जिल्ह्याला द्यायच्या अहवालाचा नमुना आज मेलवर आला. रकाने : लाभार्थी संख्या, पूर्ण कामे, साठवण क्षमता टीसीएममध्ये (हजार घनमीटर), जिओ-टॅग फोटो, जनजागृती कार्यक्रमांची संख्या. तळे कशाने भरते याला रकाना नाही. 'शेरा' मध्ये लिहिता येईल, तिथे दोनशे अक्षरांची मर्यादा आहे. पंधरवड्याच्या पातळ्यांचा तक्ता वेगळी फाइल म्हणून जोडते आहे. 'कार्यक्रमांची संख्या' मध्ये विहिरींची मोजणी धरायची का, असे सरांनी विचारले. धरली.

पहिला ठराव कोणी मोडला तर काय, यावर बैठक साडेदहापर्यंत चालली. दंड कोणालाच नको होता. शेवटी विहिरींच्या पातळ्यांसोबत १५ जानेवारीनंतर कोणाच्या मोटरीचा पाइप तळ्यात आहे ते चावडीवरच्या फळ्यावर लिहायचे, इतक्यावर आले. फळा ग्रामपंचायतीने आणायचा की शाळेने द्यायचा, ते पुढच्या बैठकीत.